ऑपरेशन कसं झालं, हे कोणाला विचारायचं?

गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं की डिस्चार्ज कार्डावर ठरलेला मजकूर येतो: प्रकृती स्थिर, जखम कोरडी, वॉकरच्या आधाराने चालणं सुरू. हॉस्पिटलच्या दप्तरी केस तिथे बंद होते. पेशंटच्या बाजूने पाहिलं तर तेव्हा अजून काहीच कळलेलं नसतं. जिना उतरता येईल का, रात्री कूस बदलताना जाग येईल का, गाडीतून उतरताना कोणाचा हात धरावा लागेल का, हे कळायला पुढचे काही महिने जातात. तोवर बहुतेक हॉस्पिटलांनी विचारणं सोडून दिलेलं असतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांधे बदललेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम. त्याच्या जोडीला आमच्या विभागात ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटकडून प्रश्नावली भरून घ्यायची, गुण मांडायचे आणि ते सर्जन लोकांपुढे ठेवायचे, हेही माझ्याकडे आहे. ओळखीपाळखीतल्या कोणाचंही ऑपरेशन ठरलं की मला फोन येतो, "तुला आतलं माहीत असतं, खरं सांग, कुठलं हॉस्पिटल चांगलं?" या प्रश्नाचं उत्तर पेशंटच्या सांगण्यावरून काढता येतं, असं माझं ठाम मत आहे. पण ते काढायला जेवढे कष्ट लागतात तेवढे घ्यायची तयारी हवी. आणि सगळ्यात जास्त कष्ट ज्यांनी काहीच सांगितलेलं नाही त्यांच्यापर्यंत पोचण्यात आहेत. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी एक साधी गोष्ट. हॉस्पिटलं एकमेकांशी ताडून पाहायची म्हटलं की पहिल्यांदा मृत्यूचे आकडे पुढे येतात. हृदयाच्या बायपाससाठी ते ठीक आहे. पण खुब्याचा सांधा बदलल्यावर पहिल्या ९० दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी असतं. जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, पुन्हा ऑपरेशन करावं लागणं या गोष्टी मोजायलाच हव्यात, पण त्याही थोड्याच जणांच्या वाट्याला येतात. बाकीच्यांचं काय? माणूस जगला, जखम भरली, एक्सरेमध्ये सांधा सरळ बसलेला दिसतो आणि तरीही सहा महिन्यांनी तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो. हा माणूस कुठल्याच आकड्यात दिसत नाही. ही ऑपरेशनं जीव वाचवायला केलेली नसतात. दुखणं कमी व्हावं, हिंडताफिरता यावं म्हणून केलेली असतात. दुखणं कमी झालं का, हे सांगणारा माणूस एकच.

विचारायला हवं हे फार पूर्वी एका सर्जनला सुचलं होतं. बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड ठेवायचं, वर्षभराने त्याला गाठून शेवटी काय निष्पन्न झालं ते त्यावर लिहायचं आणि ते जाहीर करायचं, असा त्यांचा आग्रह होता. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सेवाज्येष्ठतेने बढती मिळते, निकालाने नाही, या मुद्द्यावर त्यांनी १९१४ मध्ये राजीनामा दिला. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं होतं. तिथल्या ३३७ पेशंटच्या नोंदींत स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या १२३ चुका त्यांनी उघडपणे छापल्या. समव्यावसायिकांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी कार्डावर लिहायच्या त्या शेवटच्या ओळीबद्दल आजही मीटिंगमध्ये खुर्च्या कुरकुरतात.

आता आमच्या हातातल्या प्रश्नावलीकडे येते. खुब्यासाठी आणि गुडघ्यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली ऑक्सफर्डची. खुब्याची १९९६ची, गुडघ्याची १९९८ची. बारा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. जास्त गुण म्हणजे तब्येत चांगली. (सुरुवातीला हीच मोजणी १२ ते ६० आणि उलटी होती, कमी गुण म्हणजे चांगलं. जुना शोधनिबंध हाती आला तर आधी ते बघून घ्यावं, नाहीतर सगळा अर्थच उलटा लागतो.) मला ही प्रश्नावली आवडते याचं कारण तिचे प्रश्न डॉक्टरांच्या टेबलावर जन्मलेले नाहीत. पेशंटशी बोलून, त्यांना कशाकशाचा त्रास होतो ते ऐकून ते तयार केलेत. म्हणून त्यात सांधा किती अंशात वाकतो हे नाही. गेल्या चार आठवड्यांत मोजे घालता आले का, जेवून खुर्चीतून उठताना किती दुखलं, गुडघे टेकून बसल्यावर पुन्हा उठता आलं का, रात्री अंथरुणात दुखलं का, गुडघा अचानक दगा देईल असं वाटलं का, असे प्रश्न आहेत.

एकदा एका काकूंचा ऑपरेशनआधीचा फॉर्म भरून घेत होते. लेक शेजारी बसली होती आणि भराभर उत्तरं देत होती. रात्रीच्या दुखण्याचा प्रश्न आला. "रात्री काही त्रास नाही मॅडम, छान झोपते ती." मी खूण करणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "झोपते कुठली? तू उठशील म्हणून हूं की चूं करत नाही." लेकीचा चेहरा उतरला. त्या एका प्रश्नाचे गुण चारवरून शून्यावर आले. तेव्हापासून आमच्याकडे पद्धत अशी आहे की वाचायला मदत लागली तर मी किंवा माझी सहकारी वाचून दाखवते, खूण पेशंटच करतो आणि घरचे तेवढा वेळ बाहेर थांबतात. नवऱ्याच्या दुखण्याची बायकोला कल्पना असतेच असं नाही, आणि उलटही तेच.

ऑक्सफर्डच्या जोडीला एक सर्वसाधारण प्रश्नावली असते, इक्यू-५डी. चालणं-फिरणं, स्वतःचं स्वतः आवरणं, रोजची कामं, दुखणं आणि चिंता किंवा उदासी, असे पाच विषय. मूळच्या प्रकारात प्रत्येकाला तीन पर्याय, म्हणजे एकूण २४३ प्रकारच्या अवस्था. शिवाय ० ते १०० असा एक उभा थर्मामीटर, आजची तब्येत किती वाटते ते दाखवायला. ही प्रश्नावली कुठल्याही आजाराला चालते, आणि तीच तिची मर्यादा आहे. डावा गुडघा बदलला, तो उत्तम चालतो, पण एव्हाना उजवा बोलायला लागला. ऑक्सफर्डच्या फॉर्मवर डावा गुडघा सुधारलेला दिसतो, इक्यू-५डीवर माणूस जिथल्या तिथे. दोन्ही खरं आहे. म्हणून दोन्ही विचारायचं.

हे सगळं देशभर, सक्तीने आणि एकाच पद्धतीने करून दाखवलं ते इंग्लंडने. एप्रिल २००९ पासून सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने होणाऱ्या चार ऑपरेशनांसाठी प्रत्येक पेशंटला फॉर्म द्यायचा असं ठरलं: खुबा बदलणं, गुडघा बदलणं, जांघेतला हर्निया आणि पायांच्या फुगलेल्या शिरा. ऑपरेशनआधीचा फॉर्म हॉस्पिटलमध्ये, नंतरचा पोस्टाने घरी. हर्निया आणि शिरांसाठी तीन महिन्यांनी, सांध्यांसाठी सहा महिन्यांनी. हॉस्पिटलवार निकाल कोणालाही पाहता येतील असे जाहीर केले गेले. स्वीडनने त्याआधीच, २००२ पासून, आपल्या खुब्याच्या राष्ट्रीय नोंदवहीत पेशंटची उत्तरं घ्यायला सुरुवात केली होती. ती नोंदवही १९७९ची. तिथे एका वर्षाने विचारतात.

इंग्लंडच्या निकालांतून काय दिसलं? ऑक्सफर्डच्या गुणांवर खुबा बदललेल्या शंभरातल्या ९५हून जास्त लोकांचे गुण वाढले, गुडघ्यात ९०हून जास्त. सरासरी वाढ खुब्यात साधारण २१-२२ गुणांची, गुडघ्यात १६-१७ची. खुब्याचं ऑपरेशन गुडघ्यापेक्षा जास्त समाधान देतं हे आम्ही व्यायामाच्या खोलीत रोज पाहतोच, ते इथे आकड्यांत उतरलं. मात्र 'वाढले' या शब्दाकडे नीट पाहा. एक गुण वाढला तरी तो वाढलेल्यांत मोजला जातो. ४८ पैकी १५ वरून १६ वर गेलेला माणूस सुधारला असं मी तरी त्याच्या तोंडावर म्हणू शकणार नाही. गुडघा बदललेल्या पाचातला साधारण एक जण पुरता समाधानी नसतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हर्नियाचं उदाहरण तर विद्यार्थ्यांना शिकवावं असं आहे. त्यात इक्यू-५डीवर जेमतेम निम्मे लोक सुधारलेले दिसत. म्हणजे निम्मी ऑपरेशनं वाया गेली का? अजिबात नाही. हर्नियाचा बराचसा पेशंट ऑपरेशनआधी चालतो, जेवतो, कामाला जातो, फारसं दुखतही नसतं. पाचही प्रश्नांना तो 'काही त्रास नाही' म्हणतो. पहिल्याच फॉर्मवर पैकीच्या पैकी मिळवलेल्या माणसाचे गुण वाढणार कुठून? ऑपरेशन पुढचा धोका टाळायला केलेलं असतं, आणि टळलेला धोका प्रश्नावलीत दिसत नाही. ऑक्टोबर २०१७ पासून हर्निया आणि शिरा या दोन्हींची सक्ती काढून टाकली. शिरांसाठी स्वतंत्र प्रश्नावली होती, हर्नियासाठी तशी वेगळी नव्हतीच. माझ्या मते इथून घ्यायचं ते हे, की कुठल्या ऑपरेशनला काय विचारायचं हे आधी ठरवावं, हॉस्पिटलांची तुलना मागाहून.

आता तुलनेकडे. समजा एका हॉस्पिटलच्या पेशंटचे गुण सरासरी २४ वरून ४२ वर गेले. दुसऱ्याचे १२ वरून ३६ वर. चांगलं कुठलं? सहा महिन्यांनंतरची तब्येत पाहिली तर पहिलं. वाढ पाहिली तर दुसरं. आणि दोन्ही उत्तरं चुकीची असू शकतात, कारण दोघांकडे येणारी माणसंच वेगळी आहेत. दुसऱ्याकडे उशिरा येणारे, पाय पुरता आखडलेले, मधुमेह आणि हृदयविकार सांभाळत असलेले पेशंट असतील. खाली असलेल्याला वर जायला जागा जास्त असते, पण शिखरापर्यंत पोचणं अवघड असतं.

म्हणून आकडेमोड अशी करतात. पेशंटचे आधीचे गुण, वय, स्त्री की पुरुष, बाकीचे आजार, किती वर्षांपासूनचा त्रास, आर्थिक परिस्थिती, पहिलंच ऑपरेशन की दुसऱ्यांदा, हे सगळं धरून देशभरच्या अनुभवावरून अंदाज काढायचा की अशा माणसाचे नंतरचे गुण किती यायला हवेत. मग प्रत्यक्षात किती आले ते पाहायचं. अपेक्षेपेक्षा किती वर, किती खाली, त्याची हॉस्पिटलची सरासरी काढायची. या हिशोबात आधीच्या फॉर्मचं वजन फार मोठं आहे. तो नसेल तर पुढचं सगळं हवेत राहतं. "ऑपरेशनआधी कसं होतं?" हे सहा महिन्यांनी विचारून भागत नाही. तोवर माणूस आधीचं दुखणं एकतर विसरलेला असतो किंवा आठवणीत मोठं करून बसलेला असतो.

तो फॉर्म कधी भरला यानेही फरक पडतो. तपासणीच्या दिवशी निवांत बसून भरलेला फॉर्म आणि ऑपरेशनच्या दिवशी पहाटे, उपाशीपोटी, हातात सलाईनची सुई घेऊन भरलेला फॉर्म, यातली उत्तरं एकसारखी कशी असतील? घाबरलेला माणूस चिंतेच्या प्रश्नावर वरची खूण करणारच. एक हॉस्पिटल पहिल्या पद्धतीने आणि दुसरं दुसऱ्या पद्धतीने भरून घेत असेल तर दुसऱ्याची वाढ आपोआप जास्त दिसेल. असे तपशील निकालाच्या तक्त्यात दिसत नाहीत, म्हणून ते विचारून घ्यावे लागतात.

एवढं करून जो तक्ता तयार होतो तो क्रमवारीचा नसतो, नसावा. आडव्या रेषेवर पेशंटची संख्या, उभ्या रेषेवर हॉस्पिटलची सरासरी, आणि मध्ये नरसाळ्यासारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या दोन मर्यादा. पेशंट कमी तिथे नरसाळं रुंद, जास्त तिथे अरुंद. का, ते हिशोबाने बघा. एकेका पेशंटच्या गुणांत साधारण १० चा चढउतार असतो असं धरू. २५ पेशंटच्या सरासरीत निव्वळ योगायोगाने चार गुण इकडेतिकडे होऊ शकतात. ४०० पेशंट असतील तर एकच गुण. म्हणजे छोट्या हॉस्पिटलची सरासरी देशाहून तीन गुणांनी कमी आली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, आणि मोठ्या हॉस्पिटलची तेवढीच कमी आली तर धावाधाव करायला हवी. इंग्लंडमध्ये ९५ टक्के आणि ९९.८ टक्के अशा दोन मर्यादा काढतात. शंभर हॉस्पिटलं अगदी सारखी असली तरी पहिल्या मर्यादेबाहेर पाचेक नुसत्या नशिबाने पडतील. दुसरीच्या बाहेर पडलेलं मात्र गांभीर्याने घ्यायचं.

आणि बहुतेक हॉस्पिटलं नरसाळ्याच्या आतच असतात. हे ऐकलं की फोनवरची माणसं निराश होतात. त्यांना पहिला नंबर हवा असतो. मी त्यांना सांगते की एकाच हॉस्पिटलमधल्या दोन पेशंटमध्ये जेवढा फरक पडतो तेवढा दोन हॉस्पिटलांच्या सरासरीत क्वचितच असतो. यादीतल्या बाराव्या आणि चाळिसाव्या क्रमांकातला फरक एखाद्या गुणाचा असेल, आणि तो फरक पेशंटला पायात जाणवणारही नाही.

आता फॉर्म न भरणाऱ्यांबद्दल. माझा सगळा जीव इथे अडकलेला आहे.

समजा शंभर जणांची ऑपरेशनं झाली. ऐंशींनी आधीचा फॉर्म भरला. त्यातल्या साठांनी नंतरचा पाठवला. सरासरी त्या साठांची निघते आणि शंभरांच्या नावावर छापली जाते. उरलेले चाळीस कोण? इंग्लंडच्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासांत दिसलं की फॉर्म न परतवणाऱ्यांत तरुण, पुरुष, गरीब वस्तीतले, एकटे राहणारे आणि मुळातच तब्येत जास्त खालावलेले लोक जास्त असतात. म्हणजे गळती सरसकट नाही, ज्यांच्याकडे आधीच कमी लक्ष जातं तेच जास्त गळतात. ज्या हॉस्पिटलच्या दारात असे लोक जास्त येतात त्याची सरासरी वाढीव दिसते, आणि त्या लोकांचं दुखणं कोणालाच दिसत नाही.

आम्ही फोन करतो. फॉर्म आला नाही तर आधी आठवण, मग पुन्हा फॉर्म, मग फोन. फोनवर काय काय ऐकायला मिळतं! काही जण इतके बरे झालेले असतात की आपलं ऑपरेशन झालं होतं हेच त्यांच्या ध्यानीमनी नसतं. "अहो मॅडम, मी कामावर आहे, संध्याकाळी करा." हे ऐकून मला मनापासून आनंद होतो. काहींना वाचता येत नाही आणि ते सांगायचा संकोच वाटतो. काहींचा पत्ता बदललेला असतो. आणि काही जण हळू आवाजात बोलतात.

असेच एक गृहस्थ. दोनदा फॉर्म गेला, उत्तर नाही. मी फोन केला तर म्हणाले, "काय लिहू? डॉक्टरांनी एवढं केलं माझ्यासाठी. आता दुखतंय म्हणून लिहायचं म्हणजे त्यांना वाईट वाटेल." मी म्हटलं, काका, हा फॉर्म डॉक्टरांच्या हातात तुमच्या नावाने जात नाही, आणि गेला तरी त्यांना हेच हवं आहे. मग त्यांनी एकेक प्रश्नाचं उत्तर दिलं. जिना जवळजवळ अशक्य. रात्री रोज दुखतं. बाहेर पडणं बंद. त्यांना पुन्हा तपासायला बोलावलं तेव्हा कळलं की दुखणं पाठीच्या कण्यातून येत होतं. नव्या गुडघ्याला दोष नव्हता, पण इलाज हवाच होता आणि तोवर त्यांनी तो मागितला नव्हता. त्यांचा फॉर्म आला नसता तर आमची सरासरी थोडी बरी दिसली असती.

म्हणून नंतरचा फॉर्म सर्जनच्या ओपीडीत, सर्जनच्या समोर भरून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेशंटच्या मनात कृतज्ञता असते, भीती असते, पुढेही यांच्याकडेच यायचं आहे हे असतं. इंग्लंडमध्ये नंतरचा फॉर्म बाहेरच्या संस्थेकडून थेट घरी जातो ते यासाठी फार योग्य आहे.

अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने, १ जुलै २०२४ पासूनच्या खुबा आणि गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनांसाठी हॉस्पिटलांना ही माहिती देणं बंधनकारक केलं आहे. ऑपरेशनआधीच्या ९० दिवसांत एक फॉर्म आणि नंतर ३०० ते ४२५ दिवसांच्या मधे दुसरा. निदान निम्म्या पात्र पेशंटचे दोन्ही फॉर्म यायला हवेत, नाहीतर हॉस्पिटलच्या पैशाला कात्री. तिथे सरासरी वाढ मोजत नाहीत. १०० गुणांच्या मापावर खुब्यात किमान २२ आणि गुडघ्यात किमान २० गुणांची भरीव सुधारणा किती टक्के लोकांना झाली ते मोजतात. मला ही पद्धत जास्त पटते. सरासरी ही चार जणांचं सुख एकाच्या दुःखावर पसरून टाकते. टक्केवारी निदान सांगते की इतक्यांना झालं आणि इतक्यांना नाही. शिवाय न आलेल्या फॉर्मसाठी त्यांनी हिशोबातच सोय केली आहे. ज्या प्रकारचे लोक कमी उत्तरं देतात त्यांच्यातल्या उत्तर देणाऱ्यांना जास्त वजन दिलं जातं. हा फोनला पर्याय नव्हे, पण निम्म्यांवर समाधान मानायचं असेल तर एवढं तरी करायलाच हवं.

पैशाची सांगड घालण्याबद्दल मी थोडी साशंक आहे. इंग्लंडमध्ये २०१४ पासून खुबा आणि गुडघ्याच्या ऑपरेशनांचा वाढीव दर मिळवायला या फॉर्मचं प्रमाण आणि निकाल दोन्ही अटी म्हणून घातले. त्याने फॉर्म भरले जातात हे खरं. पण त्याच गुणांचा वापर काही ठिकाणी ऑपरेशन नाकारायला झाला, अमुक गुणांच्या वर असाल तर थांबा म्हणून. ती प्रश्नावली त्यासाठी बनवलेलीच नाही. एकदा का पेशंटला कळलं की जास्त त्रास लिहिला तरच नंबर लागतो, की उत्तरं बदलतात. त्यात पेशंटचा दोष मी धरणार नाही. पण त्या उत्तरांवरून काढलेली तुलना मग कशाची तुलना राहते?

फोनवर कुठलं हॉस्पिटल विचारणाऱ्यांना मी हल्ली नाव सांगत नाही, विचारायचे प्रश्न सांगते. तुम्ही ऑपरेशनआधी आणि नंतर पेशंटना प्रश्नावली देता का? शंभरातल्या किती जणांची दोन्ही उत्तरं तुमच्याकडे आहेत? माझ्या वयाच्या आणि माझ्याइतका त्रास असलेल्या लोकांचं सहा महिन्यांनी, वर्षाने काय झालं? आणि ज्यांचे गुण वाढले नाहीत त्यांचं तुम्ही पुढे काय केलं? शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस कसा बोलतो ते नीट ऐका. ज्या ठिकाणी त्याचं उत्तर तयार असतं तिथे कोणीतरी फोन फिरवत असतं, हे मला अनुभवाने माहीत आहे.

आमच्याकडे दर तिमाहीला गुण न वाढलेल्यांची यादी सर्जनपुढे जाते, सरासरीच्या तक्त्याच्या आधी. पहिल्या वेळी वातावरण तंग होतं. आता त्यावर तासभर चर्चा होते: कोणाचा कणा तपासायला हवा होता, कोणाला सैल झालेल्या सांध्याची शंका आहे, कोणाला ऑपरेशनआधीच सांगायला हवं होतं की गुडघे टेकणं जमेलच असं नाही. व्यायाम मध्येच सुटलेले पेशंट माझ्या यादीत येतात, त्यांना मी स्वतः बोलावून घेते. आता सहा महिन्यांच्या जोडीला एक वर्षाचाही फॉर्म सुरू करतो आहोत, कारण काही गुडघे सहा महिन्यांनंतरही सुधारत राहतात आणि काही तेव्हा बरे असून नंतर घसरतात. त्यासाठी फोन करायला आणखी एक माणूस लागणार आहे. तो मंजूर व्हावा म्हणून या आठवड्यात मी अर्ज लिहिते आहे.